गच्चीवरचं ऊन आणि जिन्यातले दिवे



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं विजेवर आणि इमारतींवर का बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. आमच्याही होता. उत्तर साधं आहे. निवृत्तीनंतर आम्ही पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे तीन वर्षं सचिव होतो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. (हशा) चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना 'इष्ट काय आणि आपण करतो काय' हे शिकवलं. त्याचं प्रात्यक्षिक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाहिलं. आज जे सांगणार आहोत त्यात थोडं पदार्थविज्ञान आहे, थोडा हिशेब आहे आणि थोडं नीतिशास्त्र. तिन्ही एकमेकांत मिसळणार, त्याला इलाज नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करू. आपल्याला वीज हवी असते का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पण नीट बघा. वीज कुणी खात नाही, पीत नाही, अंगावर घेत नाही. आपल्याला हवा असतो उजेड, गारवा, चौथ्या मजल्यावर चढलेलं पाणी, आंघोळीला ऊन पाणी. वीज हे साधन आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 1974 मध्ये तिथे ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचा 'अस्त्र' हा विभाग सुरू केला आणि पुढे आयुष्यभर हाच मुद्दा मांडला. नियोजन करताना किती मेगावॅट निर्माण करायचे इथून सुरुवात करू नका, लोकांना कोणती सेवा हवी आहे इथून करा. मग ती सेवा कमीत कमी ऊर्जेत कशी देता येईल ते बघा आणि उरलेल्या गरजेपुरतीच निर्मिती वाढवा. ऐकायला अगदी साधं वाटतं. पण आपल्याकडे नियोजनाची गाडी बराच काळ उलट्या दिशेने चालली. मागणीचा आकडा आधी ठरायचा, तो दरवर्षी वाढणार हे गृहीत असायचं, आणि मग वीजकेंद्रं.

आता आमच्या सोसायटीत या. सात मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं. कॉमन मीटरचं बिल महिन्याला साडेसातशे युनिटच्या आसपास. सभेत एका सभासदाने ठराव मांडला की गच्चीवर सौर पॅनेल बसवू, बिल शून्य होईल. टाळ्या वाजल्या. एका कंत्राटदाराने येऊन पाहणी केली आणि सात किलोवॅटचा प्रस्ताव दिला. आम्ही एवढंच विचारलं की ही साडेसातशे युनिटं जातात कुठे? सगळे एकमुखाने म्हणाले, लिफ्ट! लिफ्टच खाते सगळं.

मग आम्ही एक वही घेतली आणि वॉचमनला बरोबर घेऊन जिन्यातून खालपासून वरपर्यंत हिंडलो. जिन्यात आणि पॅसेजमध्ये सोळा ट्यूबलाइट होत्या, जुन्या, चोकवाल्या. नळी चाळीस वॅटची, चोक आणखी दहा-बारा वॅट खाणार, म्हणजे एकेक सुमारे पन्नास वॅट. संध्याकाळी सहाला लागायच्या. बंद कधी व्हायच्या? वॉचमनला आठवेल तेव्हा. दूधवाला, पेपरवाला, गाड्या धुणं हे सगळं आटोपून साधारण सकाळी दहाला. म्हणजे सोळा तास. सोळा नळ्या, पन्नास वॅट, सोळा तास, हे दिवसाला जवळपास 12.8 युनिट होतं. महिन्याला 380. निम्मं बिल जिन्यातल्या उजेडाचं, आणि त्यातला काही उजेड तर लख्ख सूर्यप्रकाशात!

लिफ्ट महिन्याला 180 युनिटच्या आसपास, आणि तिच्यातही गंमत. माणसांना वर-खाली नेण्यापेक्षा आतला पंखा आणि दिवा चोवीस तास चालू ठेवण्याचा वाटा डोळ्यांत भरण्यासारखा. उरला पाण्याचा पंप. एक हजार लिटर पाणी पंचवीस मीटर चढवायला पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने 0.07 युनिट पुरतं. आमचा पंप त्याच्या तिपटीहून जास्त घ्यायचा, कारण तो म्हातारा झाला होता. शिवाय वरची टाकी भरल्यावरही पंप चालू राहायचा आणि ओव्हरफ्लोचं पाणी गच्चीवरून पन्हळीवाटे खाली यायचं. म्हणजे आपण आधी पैसे देऊन पाणी वर चढवत होतो आणि मग फुकट खाली सोडत होतो.

उपाय काय केला? काही क्रांती नाही. अठरा वॅटच्या एलईडी नळ्या, एक टायमर, टाकीला फ्लोट स्विच, लिफ्ट रिकामी असताना आपोआप बंद होणारा पंखा. जिन्याचा खर्च 380 वरून 104 युनिटांवर आला, आणि एकूण बिल चारशेच्या जरासं वर. खर्च काही हजारांत.

आता पॅनेलचा हिशेब करा. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला साधारण चार युनिट वीज देतं. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे महिन्याला 120. साडेसातशे युनिटांना सव्वासहा-सात किलोवॅट लागत होते, चारशेला साडेतीन-चार पुरतात. किलोवॅटमागे खर्च पन्नास-साठ हजारांच्या घरात धरला तर वही घेऊन जिन्यातून हिंडण्याने सोसायटीचे दीड लाख वाचले. आमच्या अध्यापनाच्या काळात इतकं मोबदल्याचं संशोधन आम्ही कधी केलं नव्हतं. (हशा)

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गळती, मग काटकसर, मग निर्मिती. भोक असलेल्या घागरीत मोठ्या नळाने पाणी भरायचं नाही, हे आपल्या आज्जीला ठाऊक होतं.

घरातही हाच न्याय. जुना छताचा पंखा 70 ते 75 वॅट घेतो. नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा 28 ते 35 वॅटमध्ये देतो. दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे 160 युनिट वाचतात. चार पंख्यांचे साडेसहाशे. नवे चार पंखे बारा-तेरा हजारांत येतात. तेवढीच वीज गच्चीवर तयार करायची तर अर्धा किलोवॅट पॅनेल लागेल, म्हणजे पंचवीस हजार. तरीही पंखा बदलला म्हणून कुणी शेजाऱ्याला बोलावून दाखवत नाही. पॅनेल मात्र दाखवतात. पंख्यांवर तारांकनाची सक्ती व्हायलासुद्धा जानेवारी 2023 उजाडावा लागला.

दिव्यांच्या बाबतीत मात्र सरकारने एक काम फार चांगलं केलं, ते कबूल केलं पाहिजे. एलईडी दिव्याची सरकारी घाऊक खरेदीची किंमत 2014 च्या सुरुवातीला 310 रुपयांच्या आसपास होती. जानेवारी 2015 मध्ये 'उजाला' योजना आली, कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदवली गेली, आणि 2016 पर्यंत तीच किंमत 38 रुपयांवर उतरली. छत्तीस कोटींवर दिवे वाटले गेले. यात उपदेश कुणी कुणाला केला नाही. वस्तू स्वस्त झाली, लोकांनी घेतली.

आता उष्णतेकडे वळू. हा आजचा खरा विषय.

मे महिन्यात दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा. म्हणजे राहू नका, चटके बसतील. काळपट काँक्रीटचा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो. ही उष्णता हळूहळू स्लॅबमधून खाली उतरते आणि रात्री नऊ-दहाला, बाहेर हवा जरा बरी झालेली असताना, वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या डोक्यावर ओतली जाते. आमच्याकडे सातव्या मजल्यावर एक काका-काकू राहतात, दोघंही ऐंशीच्या पुढचे. एप्रिल लागला की काकू रात्री गादी उचलून पॅसेजमध्ये झोपायच्या. सभेत या गोष्टीची नोंद कधी झाली नाही, कारण ती कुणाच्या बिलात दिसत नव्हती.

आपल्या जुन्या लोकांनी यावर काय केलं होतं? मराठवाड्यात, खानदेशात, सोलापूरकडे धाब्याची घरं असत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि वर वीतभर, कधी हातभर माती. पावसाच्या आधी त्यावर पांढरी माती पसरायची, म्हणजे पाणी झिरपत नसे आणि जाता जाता ऊनही परतवलं जाई. जाड माती दिवसभर ऊन पिऊन घेते, आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्री ती आकाशाकडे उष्णता परत सोडते. कोकणात दमट हवेला हा उपाय चालत नाही. तिथे उतरतं कौलारू छप्पर, खाली माळा, कौलांच्या फटींतून खेळणारी हवा. कोरड्या प्रदेशात वस्तुमान, दमट प्रदेशात वारा. एवढं वास्तुशास्त्र लोकांना शाळेत न जाता कळत होतं. वास्तुशास्त्र म्हणजे आम्हाला दिशा बघून स्वयंपाकघर पाडायला लावणारं अभिप्रेत नाही, हे सांगायला हवं. (हशा)

मात्र धाब्याच्या घराचं फार कौतुक करू नये असंही आमचं मत आहे. आमचं लहानपण तशा घरात गेलं. गारवा होता, पण अंधारही होता, धूर होता, दरवर्षी माती टाकायचे कष्ट होते, आणि वरून विंचू पडत. ते घर परत आणायचं नाही. त्यातली युक्ती घ्यायची.

पुढे पुण्या-मुंबईत स्लॅब आले तेव्हाही सुरुवातीच्या बांधणाऱ्यांनी ही युक्ती ठेवली होती. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या कपच्यांचा चायना मोझॅक. कोबा गळतीसाठी असतो असं आपण समजतो. तो उष्णतेलाही अडवतो, आणि पांढऱ्या कपच्या ऊन परत पाठवतात. खिडकीवर दीड-दोन फूट छज्जा असे. नंतर चौरस फुटाचा भाव वाढला, छज्जे आखूड झाले, भिंती नऊ इंचांवरून पाच-सहा इंचांवर आल्या, आणि कार्यालयांनी तर काचेचाच अंगरखा चढवला. पश्चिमेला तोंड करून उभी असलेली काचेची इमारत म्हणजे उन्हात ठेवलेली बंद मोटार. मग तिला गार करायला तळघरात केवढी तरी यंत्रं. थंड देशात जिथे उन्हाची भीक मागावी लागते तिथे काच शहाणपणाची आहे. ती हिंजवडीत आणून बसवणं ही नक्कल झाली.

यासाठी नियम नाहीत का? आहेत. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, त्याखाली 2002 मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. व्यापारी इमारतींसाठी 2007 मध्ये संहिता आली, 2017 मध्ये सुधारली. राहत्या घरांसाठी डिसेंबर 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आली. ती काय सांगते? भिंती-खिडक्यांमधून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या वर नको. छतासाठी वेगळी मर्यादा आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता येते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेक वरच्या मजलेवाले नापास. पण इथे एक मेख आहे. संहिता केंद्राने लिहिली तरी राज्याने ती अधिसूचित करावी लागते, आणि मग महापालिकेच्या बांधकाम नियमावलीत उतरून नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलापर्यंत यावी लागते. दिल्लीपासून त्या टेबलापर्यंतचं अंतर फार मोठं आहे.

अहमदाबादने मात्र वाट पाहिली नाही. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे 2017 पासून झोपडवस्त्यांमधली छतं पांढरी रंगवायला घेतली. चुना किंवा पांढरा परावर्तक रंग. आतलं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. दोन अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पत्र्याच्या खोलीत तान्हं मूल घेऊन बसलेल्या बाईला विचारा.

आता सौर पॅनेलविषयी, कारण तुम्ही त्यासाठी आला आहात हे आम्हाला माहीत आहे.

गच्चीवर साधारण शंभर चौरस फुटांत एक किलोवॅट बसतं. ते आपल्या मीटरमधून ग्रिडला जोडलेलं असतं. दुपारी पॅनेल जास्त वीज करतं आणि घरात खप कमी असतो, तेव्हा वीज बाहेर जाते. संध्याकाळी उलट. महाराष्ट्रात 2015 च्या विनियमांपासून या देवघेवीचा हिशेब ठेवणारं नेट मीटर मिळतं. बँकेतल्या खात्यासारखं, दुपारी भरणा, रात्री काढणं. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या 'सूर्यघर' योजनेत एकेका घराला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण 78,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. सोसायट्यांना लिफ्ट-पंप-जिन्यासाठी किलोवॅटमागे 18,000. आमच्या चार किलोवॅटला 72,000 धरा. सव्वादोन लाखांतून ते गेले, उरले दीड लाख. युनिटला दहा रुपये धरले तरी तीन-साडेतीन वर्षांत फिटतात, आणि पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं.

इथे एक गैरसमज दूर करू, कारण त्यावरून आमच्याकडे जवळजवळ भांडण झालं. पॅनेल बसल्यावर आठवड्याभरात दुपारी वीज गेली. लख्ख ऊन, गच्चीवर पॅनेल, आणि लिफ्ट बंद! फोनवर फोन. सचिवांनी फसवलं! पण असंच व्हायला हवं. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर, ग्रिड गेली की आपणहून बंद होतो. का? कारण त्या वेळी रस्त्यावर खांबावर चढलेला लाइनमन तार मेली आहे असं समजून हात लावणार. तुमच्या गच्चीवरून वीज त्या तारेत गेली तर तो मरेल. वीज गेल्यावरही चालावं असं हवं असेल तर बॅटरी आणि वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर लागतो, खर्च वाढतो. हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाही माहीत नव्हतं.

आता मूळ तात्त्विक प्रश्नाकडे येऊ. एवढं सगळं स्वस्त आहे, फायद्याचं आहे, तर लोक करत का नाहीत?

ग्रीकांना हा प्रश्न छळत असे. सॉक्रेटिसचं म्हणणं असं की चांगलं काय हे खरोखर कळलेला माणूस वाईट करणारच नाही. जो करतो त्याला कळलेलं नाही. अ‍ॅरिस्टॉटलला हे पटेना. तो म्हणाला, कळतं पण वळत नाही अशी अवस्था असते, आणि तिला त्याने नाव दिलं अक्रासिया. म्हणजे इच्छेचा दुबळेपणा. आम्ही वर्षानुवर्षं हे शिकवलं आणि सचिव झालो तेव्हा लोकांकडे याच चष्म्यातून पाहिलं. आळशी लोक, बेफिकीर लोक.

ते चुकलं. सांगतो कसं. आमच्या गच्चीवर आधीपासून सौर बंब होते. बांधकाम करणाऱ्याने बसवले होते, कारण पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी ती अट होती. त्याने सगळ्यात स्वस्त बसवले, नळ्यांना आवरण नीट नाही, खालच्या मजल्याला ऊन पाणी यायच्या आधी दोन बादल्या गार पाणी वाहून जायचं. दोन वर्षांत एकेकाने गीझर घेतले. बंब गंजले, त्यावर कबुतरं राहायला आली. यात आळशी कोण? बांधणाऱ्याला बिल भरायचं नव्हतं. बिल भरणाऱ्याला बांधताना विचारलं नव्हतं. खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा, आणि अट तपासणारा तिसरा, त्याचा संबंध दाखल्यापुरता. भाडेकरूचंही तेच. तो अकरा महिन्यांच्या करारावर आहे, तो तीन वर्षांत पैसे फिटणारा पंखा का घेईल? मालक पुणेकरही नाही, तो अमेरिकेत. त्याला बिलच येत नाही. इथे दुबळी इच्छाशक्ती शोधण्यात अर्थ नाही. जबाबदारीची वाटणीच अशी झाली आहे की कुणाच्याच हातात पुरती येत नाही.

मग गच्ची कुणाची? कायद्याने सोसायटीची. प्रत्यक्षात वरच्या मजल्याचे लोक पापड वाळवतात, केबलवाला तारा सोडतो, बाकी कुणी फिरकत नाही. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं की सामाईक कुरण सगळे मिळून ओरबाडतात आणि संपवतात. ते फार गाजलं. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची कालव्यांची, जंगलांची, मासेमारीची उदाहरणं अभ्यासली, आणि 1990 च्या पुस्तकात दाखवलं की लोक आपापसात नियम ठरवतात, पाळतात, आणि सामाईक गोष्ट शतकानुशतकं टिकवतात. अट अशी की नियम त्यांनीच केलेले हवेत आणि देखरेख त्यांच्याच हातात हवी. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आम्ही त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलली. महिन्याचं मीटर वाचन लिफ्टशेजारच्या फलकावर खडूने लिहायला सुरुवात केली, आणि वाचन आणायचं काम दर महिन्याला एका मजल्याकडे. तिसऱ्या महिन्यापासून लोक फलकापाशी थांबून वाद घालू लागले. एवढ्याने फार फरक पडला.

आता एक आक्षेप, आणि तो गंभीर आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ 1865 मध्ये कोळशावर लिहीत होता. त्याने पाहिलं की वॅटचं वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करू लागलं, तर कोळशाचा खप घटला नाही, वाढला. कारण काम स्वस्त झालं, म्हणून इंजिनं सगळीकडे गेली. आपणही बघतो. एलईडी आले, आणि आता बाल्कनीत माळा, कपाटात दिवे, दिवाळी संपली तरी आकाशकंदील महिनाभर. एसी कमी वीज खाऊ लागला, तर घरात दुसरा आला.

मग काटकसर व्यर्थ का? आमचं मत असं की कुणाचा खप वाढला हे बघावं. ज्या घरात पंखाच नव्हता तिथे तो आला आणि खप वाढला, तर ते बिघडलं नाही. ते तर हवंच होतं. पाच खोल्यांत पाच एसी हा वेगळा प्रकार. दोन्ही वाढी एकाच आकड्यात मिसळून 'भारताची मागणी वाढली' म्हणणं हा अप्रामाणिकपणा आहे. शिवाय विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, ते याच कारणाने.

आणि ही वीज येते कुठून? आपल्या राज्यात अजूनही मोठा भाग कोळशातून. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. आपण एक युनिट वाचवलं तर साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, हे आकडे सगळे सांगतात. पण चंद्रपूरला मे महिन्यात 46-47 अंश तापमान असतं, राखेचे बंधारे आहेत, हवेत धूळ आहे. आमच्या जिन्यातली सकाळी दहापर्यंत जळणारी ट्यूब आणि तिथल्या माणसाची छाती यांच्यात एक तार आहे. ती सहाशे किलोमीटर लांब असल्यामुळे आपल्याला दिसत नाही, एवढंच. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा काढला, 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलं. त्यातल्या गणनेतही शहराच्या उत्सर्जनाचा 72 टक्क्यांच्या आसपास भाग ऊर्जेचाच निघाला, मोटारगाड्या त्याच्या खूप मागे. शहर म्हटलं की आपल्याला धूर सोडणारी बस आठवते. इमारत धूर सोडताना दिसत नाही. ती दुसऱ्याच्या गावात सोडते.

सूर्याची वीजही संध्याकाळी सातला नसते, आणि सगळे घरी येऊन एसी, गीझर, इंडक्शन लावतात ते त्याच वेळी. म्हणून पाणी दुपारी चढवा. आमचा पंप आता अकरा ते दोनमध्ये चालतो. टाकी हीच आमची बॅटरी, आणि ती आधीपासूनच बसवलेली आहे. (हशा)

प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून एका बाईंनी विचारलं, मग एसी लावूच नये का?)

लावावा, ताई. जिथे शरीराला गरज आहे तिथे जरूर लावावा. सातव्या मजल्यावरच्या काकूंना आम्हीच सांगितलं, घ्या. फक्त आधी गच्ची पांढरी केली, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई सोडली, आणि मग एक टनाचा पुरला, दीडचा लागला नाही. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलं असतं, उपयोग कमी, म्हणून चटई बाहेरून. आणि 26 वर ठेवा, सोबत पंखा. जानेवारी 2020 पासून नवे एसी सुरू करताना 24 वर येतात ते ब्युरोच्या नियमामुळे. एक अंश वर केला की साधारण सहा टक्के वीज वाचते. 18 वर ठेवून गोधडी घेणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही.

(एका श्रोत्याने विचारलं, सोसायटीत सगळ्यात जास्त विरोध कशाला झाला?)

पॅनेलला नाही. वॉचमनच्या केबिनला. गेटजवळ पत्र्याची खोली आहे, सहा बाय सहा. गच्चीचा चुना उरला होता, आम्ही म्हटलं तिचंही छत रंगवू आणि आत एक पंखा देऊ. एक सभासद म्हणाले, पंखा दिला तर तो झोपेल. वीस मिनिटं चर्चा. ज्या माणसाने आमच्याबरोबर सोळा ट्यूबलाइट मोजल्या त्याच्याबद्दल. शेवटी मतदान झालं, चौदा विरुद्ध नऊ, पंखा आला. अठ्ठावीस वॅटचा.

(आणखी एक प्रश्न, चुना दरवर्षी लावावा लागतो का?)

हो, पावसात उतरतो. होळीच्या सुमाराला लावा. भिजवलेला चुना, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेविकॉल, दोन हात. आधी गच्ची घासून धुवा, नाहीतर पापुद्रे निघतात. ब्रश लांब काठीला बांधा, सकाळी आठच्या आत आटोपा, ताज्या चुन्यावरून ऊन परतलं की डोळे दिपतात, म्हणून गॉगल घाला. आणि पॅनेलवर शिंतोडे उडू देऊ नका, आमच्याकडे उडाले होते, दोन दिवस पुसत होतो.